पंचायतीच्या छतावरून

मालिका विनोदी होती, हे आधी नोंदवून ठेवतो. पुढे जे घडलं त्यात तिचा दोष नव्हता. ती पाहणाऱ्यांपैकी जे आज हयात आहेत, त्यांना ती अजूनही हसूनच आठवते.

गाव चिखली तालुक्यातलं, अमडापूरच्या पुढे एसटीने पाऊण तासावर. मी तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. ग्रामपंचायतीने नुकताच टीव्ही घेतला होता. काळा-पांढरा, लाकडी कपाटात बसवलेला, कपाटाला सरकती दारं आणि दारांना कुलूप. किल्ली सरपंचांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असे. रविवारी सकाळी कपाट पंचायतीच्या ओसरीवर आणायचे, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून तीन बाजूंनी पोती लावायचे, आणि समोरच्या अंगणात गाव बसायचं. बाया डाव्या हाताला, माणसं उजव्या.

मालिका हिंदी होती. तिच्यात एक सरकारी जासूस होता. शत्रूचे कट उधळायला त्याला पाठवत आणि तो प्रत्येक वेळी चुकीच्या घरात शिरे. त्याच्या जेवणाच्या डब्यात बिनतारी यंत्र होतं. भूक लागली की तो घाईत डब्याचा चुकीचा कप्पा उघडून वरणात बोलत बसे आणि साहेबांना पलीकडे नुसती गुळगुळ ऐकू जाई. साहेब त्याला दर भागात एक सीलबंद पाकीट देत आणि ते कोणाला द्यायचं ते कानात सांगत. तो ते शत्रूच्याच हातात ठेवे. शेवटी शत्रूच स्वतःच्या हुशारीत अडकून पकडला जाई आणि पदक जासुसाला मिळे.

गावाने ही मालिका पहिल्या दोन भागांत आपलीशी केली. शेतात भाकरी सोडताना लोक डब्यात तोंड घालून बोलू लागले.

"हॅलो, साहेब? मी वांग्याच्या मळ्यातून बोलून राह्यलो. ठेचा संपला. फौज पाठवा."

हे पहिल्यांदा चक्कीवाला बोलला. त्याची पिठाची गिरणी बाजाराच्या तोंडाशी होती आणि गावातले बहुतेक विनोद दळणाबरोबर तिथूनच बाहेर पडत. दळण टाकायला आलेल्याला नाव ठेवल्याशिवाय तो डबा खाली ठेवत नसे. लोकांना ते आवडे.

टीव्ही दिसण्यासाठी पंचायतीच्या छतावर लोखंडी पाइपवर एरियल उभारलं होतं. आमच्या गावापर्यंत चित्र जेमतेम पोचे. वारा आला की पाइप फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. तेव्हा वर जाऊन तो पाइप धरून उभं राहायला माणूस लागे. ते काम मिस्तरीकडे आलं.

मिस्तरी पिंपळगाव राजाकडचा. सात वर्षांपूर्वी गावात आला होता. एसटीच्या थांब्याजवळ पंचायतीचा एक गाळा त्याने भाड्याने घेतला होता. तिथे तो रेडिओ दुरुस्त करी आणि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरी, म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळी. गाळ्याच्या पुढच्या अर्ध्यात दुकान, मागच्या अर्ध्यात तो आणि त्याची बायको. गावात त्यांना शेत नव्हतं, घर नव्हतं, भाऊबंद नव्हते. गाळा होता म्हणून ते गावात होते. या सगळ्या प्रकरणात पणाला लागला तो हा गाळा, दुसरं काही नाही.

मालिका चालू असताना मिस्तरी वर आणि गाव खाली असे.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं! मारुतीकडं फिरव थोडं!"

"आता?"

"आता दोन दोन जासूस दिसून राह्यले! एकाले कमी कर!"

अर्धा तास तो पाइप धरून उन्हात उभा असे. खाली गाव हसे, त्याला फक्त हसणं ऐकू येई. सोमवारी मी गाळ्यावर गेलो की तो विचारी, "गुरुजी, काल इतलं काऊन हासले?" मग मी त्याला भाग सांगे. त्याने त्या मालिकेचा एकही भाग पाहिला नाही. हे मी खात्रीने लिहू शकतो, कारण सगळे भाग त्याला मीच सांगितले.

त्याला 'जासूस' हे नाव कोणी दिलं, हे निश्चित सांगता येत नाही. पडद्यावरचा जासूसही एका भागात एरियलला लटकला होता, तेव्हापासून ते सुरू झालं असावं. चक्कीवाल्याने ते पसरवलं.

"वरून सगळं दिसत असंन नाही तुले, जासूस? कोनाच्या घरी काय शिजते ते?"

"दिसते नं," मिस्तरी म्हणाला. "तुही बायको तुह्या ताटातलं उचलून कुत्र्याले टाकते, तेही दिसते."

त्यावर चक्कीवालाच सगळ्यात मोठ्याने हसला, मिस्तरीही हसला. तो दिवस मला आठवतो, कारण त्या नावावर मिस्तरीला मोकळेपणाने हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

आता माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. शाळेच्या नोकरीसोबत मी जिल्ह्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ते चालत नव्हतं. कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. म्हणून बातमीखाली नाव नसे, नुसतं 'वार्ताहर' असे. बातमी खाकी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची, तो ती जिल्ह्याच्या ठिकाणी वर्तमानपत्राच्या पेटीत टाकी, अशी तेव्हाची पद्धत होती. गाडी साडेचारला येई आणि शाळा पाचला सुटे. त्यामुळे पाकीट मी सकाळीच मिस्तरीकडे ठेवी आणि तो ते गाडीवर देई. गावात माझं हे काम त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, की हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. "जात नाही बाहेर, गुरुजी," एवढंच तो म्हणाला होता. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, तो थांब्यावर सगळ्यांच्या देखत कंडक्टरच्या हातात बंद पाकीट देत होता. तेव्हा त्यात कोणाला काही वाटलं नाही.

माघात एक बैल मेला. विजेच्या तारेवर चोरून टाकलेला आकडा निसटून ओल्या बांधावर पडला होता आणि बैलाचा पाय त्याला लागला. आकडे सगळीकडे होते. मीटरसाठी अर्ज द्यायचा आणि मीटर येईपर्यंत तारेवर आकडा टाकून मोटार चालवायची, अशी रीत पडली होती. ज्यांनी अर्ज दिले नव्हते त्यांचेही आकडे होते. सरपंचांच्या मळ्यात होता. चक्कीवाल्याची पिठाची गिरणी मीटरवर आणि मिरची कांडायचं यंत्र आकड्यावर होतं. ताण वाढून वीज कमी दाबाने येई, मोटारी जळत, आणि त्या भरायला मिस्तरीकडे येत.

बैल मेला त्या आठवड्यात मी गाळ्यावर बसलो होतो. दारात पाच मोटारी एका रांगेत पडल्या होत्या.

"तुम्ही छतावर या एक दिवस, गुरुजी," मिस्तरी म्हणाला. "दोरीवर कपडे वाळू घातल्यावानी आकडे दिसते तारेवर. नुसते लटकून राह्यले. मानसाचा पाय पडला असता त्या जागी तं?"

मी त्या संध्याकाळी बातमी लिहिली. बैलाची बातमी खरी होती आणि द्यायलाच हवी होती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मी गावातल्या कोणाचं नाव घातलं नाही. पण एक वाक्य मला सोडवेना. मी लिहिलं, 'पंचायतीच्या छतावरून पाहिले असता, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे आकडे तारांवर लटकताना दिसतात.' बातमी पाकिटात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्तरीकडे दिली. त्याने ती साडेचारच्या गाडीवर दिली.

बातमी गुरुवारी आली. गावात दोन अंक येत. एक पंचायतीत, एक न्हाव्याकडे. शाळेची मधली सुट्टी होईपर्यंत ती गावभर वाचून झाली होती. मी थांब्यावरून जात असताना गाळ्याकडे पाहिलं. मिस्तरी मोटारीवर वाकलेला होता. त्याने मान वर केली आणि परत खाली घातली. तो रागावलेला वाटला नाही. एखादी मोटार उघडून आत किती जळलंय ते कळल्यावर तो जसा दिसे, तसा दिसला.

रविवारी अंगण नेहमीसारखं भरलं. वारा होता, म्हणून मिस्तरी वर गेला. आदल्या तीन दिवसांत कोणी त्याला काही बोललं नव्हतं. बातमी आली म्हणून कोणी आकडेही काढले नव्हते; वर्तमानपत्रात आलेलं वाचायचं असतं, त्याचं काही होत नसतं, असा सगळ्यांचा अनुभव होता.

त्या भागात पाठलाग होता. जासूस एका गाढवावर आणि शत्रू जीपमध्ये, आणि तरी जीप मागेच राहत होती. अंगण हसून लोळत होतं. तेवढ्यात वरून मिस्तरी ओरडला.

"जीप येऊन राह्यली! आकडे काढा!"

खाली हशा वाढला.

"अबे, जीप तं आमाले इथंच दिसून राह्यली!" चक्कीवाला म्हणाला. "तू गाढव पाह्य!"

"खरी जीप हाय! दोन हायत! फाट्यावरून वळल्या!"

त्याने पाइप सोडला. पडद्यावर मुंग्या आल्या आणि अंगणातून एकदम ओरडा उठला. "धर नं पाइप!" "काय जासूसगिरी लावली बे!" "चित्र आन आधी!" मी वर पाहिलं. मिस्तरी छताच्या रस्त्याकडच्या कडेवर उभा होता. खांद्यावरचा दुपट्टा हातात घेऊन तो जोरजोराने हलवत होता. रस्त्याला लागून असलेल्या मेथीच्या मळ्यात एक जण पाणी धरत होता, त्याला तो आकडा काढायला सांगत होता. ते मला पुढे मिस्तरीकडून कळलं. अंगणातून मळा दिसत नव्हता. अंगणातून एवढंच दिसत होतं, की माणूस रस्त्याकडे तोंड करून दुपट्टा हलवतोय.

मग रस्त्यावरून जीप आल्या.

वीज मंडळाचं भरारी पथक होतं, सोबत पोलीस. पूर्ण गाव एका जागी बसलेलं असल्यामुळे त्यांना कोणी आडवं आलं नाही. दुपारपर्यंत आकडे काढून जीपमध्ये टाकले गेले, मोटारी जप्त झाल्या, पंचनामे झाले. कांडप यंत्राला सील लागलं. टीव्ही तोवर चालूच होता. बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. मुंग्यांच्या आड गाणी लागून गेली.

पुढचे दहा दिवस मळ्यांना पाणी नव्हतं. मेथी आधी गेली. मग वांगी. अमडापूरच्या बाजारासाठी लावलेली कोथिंबीर उभी पिवळी पडली. हे नुकसान खरं होतं, आणि ज्यांचं झालं ते आदल्या रविवारपर्यंत माझ्याशेजारी बसून हसत होते.

बातमी कोणी दिली याचा शोध घ्यावा लागला नाही. बातमीतच लिहिलेलं होतं. पंचायतीच्या छतावर एकच माणूस जात होता. दोरीवरच्या कपड्यांची गोष्ट त्याने आणखी दोघातिघांजवळ बोलून दाखवली होती, त्यांनी ती ओळखली. मग कोणाला तरी खाकी पाकिटं आठवली.

"आठवड्यातून दोनदा देत होता," न्हावी म्हणाला. मी दाढी करायला बसलो होतो. "कंडक्टरच्या हातात. म्या डोळ्यानं पाह्यलं. सीलबंद."

"अन् दुपट्टा हालवला," बाकावरचा दुसरा म्हणाला. "जीपले इशारा केला, या म्हने आता, सगळे इथं गोळा हायत."

"त्यानं तर ओरडून सांगितलं," मी म्हणालो.

"जीप दिसल्यावर वरडला नं, गुरुजी. आधी काऊन नाही वरडला?"

न्हाव्याने माझी हनुवटी वर केली आणि वस्तरा गळ्याला लावला, तेव्हा मी बोलणं थांबवलं. एक प्रश्न विचारता आला असता. आकडे गेले की मोटारी जळायच्या थांबणार, आणि मोटारी जळायच्या थांबल्या तर मिस्तरीने खायचं काय? स्वतःचाच धंदा त्याने का बुडवावा? दाढी झाल्यावरही मी तो विचारला नाही.

लोक त्याच्याशी भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, असं मिस्तरीची बायको नंतर म्हणाली. दंड भरून सुटून आलेल्या मोटारी भरायला अमडापूरला जाऊ लागल्या. ती दळण घेऊन गेली तर चक्कीवाला म्हणाला, "चक्की बंद हाय." ती डबा घेऊन वळली, कोपऱ्यापर्यंत पोचली आणि मागे चक्कीचा पट्टा फिरल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवसापासून ती चार कोसांवरच्या गावाला दळायला जाऊ लागली.

एका सकाळी गाळ्याच्या फळीवर जेवणाचा रिकामा डबा ठेवलेला आढळला. जुना, अल्युमिनियमचा, मालिकेतल्या जासुसाच्या डब्यासारखा. मिस्तरीने तो पुसला आणि कोणी विसरलं असेल म्हणून दिवसभर फळीवर तसाच ठेवला. कोणी मागायला आलं नाही. दोन दिवसांनी दुसरा डबा आला. त्यात तारेचा एक तुकडा होता, आकड्यासारखा वाकवलेला. तिसऱ्या डब्यात मेलेला उंदीर होता, त्याच्या गळ्याला तशीच तार आवळलेली. मी तो डबा पाहिला. मिस्तरीने झाकण लावलं आणि म्हणाला, "डबे चांगले हायत, गुरुजी. फेकाले जीव होत नाही."

मी विचारलं, "मी सांगू का त्यांना?"

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. "तुमाले काय वाटते?"

मला काय वाटतं ते मी सांगितलं नाही. बैठकीत पाहू, असं म्हणालो. सरपंचांनी पुढच्या शुक्रवारी मारुतीच्या सभामंडपात बैठक बोलवायची, हे तोवर ठरलं होतं. गाळा पंचायतीचा होता आणि काढून घेणं पंचायतीच्या हातात होतं.

त्या रविवारी मिस्तरीला छतावर कोणी बोलावलं नाही. दुसरा एक जण चढला, त्याला पाइप जमला नाही. अर्धा तास गावाने मुंग्या पाहिल्या. आवाज येत होता. मालिकेत हसायची जागा आली की थोडे लोक हसत.  गाळ्याचं दार अंगणातून दिसत होतं. ते बंद होतं. सगळे अधूनमधून तिकडे पाहत होते.

शुक्रवारी दुपारी बैठक झाली. गावात कुठलीही बैठक असली की नोंद घ्यायला शिक्षकाला बोलवत. अक्षर चांगलं आणि कोणत्या बाजूचा नाही, म्हणून. सरपंचांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "लिहा, गुरुजी. शब्दाले शब्द लिहा."

मिस्तरी खांबाला टेकून उभा होता. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"मिस्तरी," सरपंच म्हणाले, "आमी काई तुमाले मारत नाही. एकच इचारतो. ते पाकीट कोनाचं?"

"ज्याचं हाय त्याचं हाय."

"म्हंजे तुमचं नाही?"

"मले कुठं लिवता येते, सरपंच? म्या तं सही बी आडवी करतो."

"मंग कोनाचं?"

 मागून चक्कीवाला म्हणाला, "त्याच्या साहेबानं कानात सांगतलं असंन, नाव घेऊ नको म्हून." कोणीतरी हसलं. लगेच थांबलं. सभामंडपात साठेक माणसं होती आणि ते एक हसणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"पाह्य, मिस्तरी," सरपंच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "नाव सांगतलं तं गाळा तुमचा. आजच्या आज विषय मिटला. नाही सांगतलं, तं आमी काय समजाचं? तुमीच सांगा."

मिस्तरीने सगळ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. तो डावीकडून पाहत आला, माझ्या शेजारच्या माणसापर्यंत आला, आणि मग त्याने नजर उचलून वरच्या घंटेकडे नेली.

"समजा तुमाले जे समजाचं ते," तो म्हणाला.

मी लिहिलं, 'पाकीट कोणाचे हे सांगण्यास मिस्तरी यांनी नकार दिला.' वाक्य बरोबर होतं. त्या रजिस्टरमध्ये मी त्या दिवशी लिहिलेलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत गाळा खाली करावा, असं ठरलं. तेही लिहिलं. सरपंचांनी वाचायला सांगितलं, मी उभं राहून मोठ्याने वाचलं, आणि लोकांनी सह्या आणि अंगठे केले. मिस्तरीने सही केली. आडवी.

बाजाराच्या आदल्या दिवशी शाळा भरायच्या आधी त्याची बायको माझ्या खोलीवर आली. आत आली नाही. पदराआडून तिने एक खाकी पाकीट काढलं. ते माझंच होतं. भरारी पथक आलं त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी मिस्तरीकडे दिलं होतं. शाळेच्या गळक्या छताची साधी बातमी होती. छापून आली नाही म्हणून मी विसरून गेलो होतो.

"हे यांनी गाडीवर देल्लं नाही," ती म्हणाली. "गुरुवारचा पेपर आल्यावर म्हने, आता थोडे दिवस थांबू, नाहीतर गुरुजीवर नाव येईन."

मी पाकीट घेतलं.

"बैठकीतून आले तवा म्या इचारलं, काऊन नाही बोल्ले? तं म्हने, त्याहीची नोकरी जाईन, माहं तं हातातलं काम हाय. ते कुठंबी होते." तिने गाळ्याच्या दिशेने मान वळवली. "पन सात वर्षं झाले होते, गुरुजी. आता कुठं बाया मले नावानं हाका मारत होत्या."

"वहिनी, मी..." मी म्हणालो.

"मले म्हने, पाकीट फोडू नको. म्या फोडलं नाही." तिने पदर सारखा केला. "त्याहीले लिवता-वाचता येत नाही. मले येते."

ती गेली. पाकिटावर मी स्वतःच्या हाताने दैनिकाचं नाव घातलेलं होतं आणि कोपऱ्यात 'बातमी, तातडीचे' असं लिहिलेलं होतं. माझं अक्षर गावात सगळे ओळखत. बैठकीच्या दिवशी हे पाकीट तिच्या घरात होतं. ते तिने सभामंडपात आणून ठेवलं असतं तर गाळा राहिला असता. नवऱ्याने शब्द दिला होता म्हणून तिने ते आणलं नाही. मी काहीच शब्द दिला नव्हता.

ते त्याच दिवशी साडेचारच्या गाडीने गेले. मी पाचव्या वर्गाला भागाकार शिकवत होतो. शाळेच्या खिडकीतून थांबा दिसे. टपावर एक पेटी, गाद्यांची वळकटी आणि तार गुंडाळायचं यंत्र चढवलं गेलं. जेवणाचे तीन डबे फळीवर तसेच राहिले. सामान चढवायला कंडक्टरने हात लावला, गावातल्या कोणी लावला नाही. गाडी पिंपळगाव राजाकडे थेट जात नव्हती. खामगावला बदलावी लागे. मी फळ्याकडे वळलो तेव्हा हातातला खडू तुटलेला होता. नवा घेतला आणि उदाहरण पुरं केलं.

त्या वर्षाच्या शेवटी मी बदली मागितली, आणि पुढे दोन वर्षांनी नोकरी सोडून त्याच दैनिकात उपसंपादक झालो. तीसेक वर्षं वार्ताहरांच्या बातम्या तपासल्या. बातमीतलं सगळ्यात चांगलं वाक्य मी आधी काढून टाकी. वार्ताहर नाराज होत. ते वाक्य कोणत्या जागी उभं राहून पाहिलेलं आहे आणि त्या जागी गावातून कोण कोण उभं राहू शकतं, एवढंच मी त्यांना विचारत असे.

पण गावातला माझा शेवटचा रविवार त्याआधीचा आहे. मालिकेचा शेवटचा भाग होता. वारा होता आणि पाइप कोणालाच जमत नव्हता. सरपंच म्हणाले, "गुरुजी, तुमाले जमन. तुमी रोज त्याच्यापाशी बसत होते." मी वर गेलो. पाइपला मिस्तरीने एका उंचीवर सुतळी गुंडाळून ठेवली होती. तिथे धरलं की हात भाजत नसे. मी तिथे धरलं आणि मारुतीकडे थोडं फिरवलं.

"आलं!" खालून आवाज आला. "हालू नका, गुरुजी! तसेच राहा!"

मी तसाच राहिलो. अंगण हसू लागलं. कशाला हसताहेत ते मला दिसत नव्हतं. समोर फाट्यापासून येणारा रस्ता होता, त्याला लागून मेथीचा मळा, पुन्हा हिरवा झालेला. त्याच्यावरून तारा गेल्या होत्या. तारांवर आकडे होते. मी मोजायला लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

खाली जाहिराती लागल्या असाव्यात, कारण हसणं थांबलं आणि चक्कीवाल्याने मान वर केली. तो चांगल्या मनःस्थितीत होता.

"काय दिसते हो गुरुजी, वरून?"

अंगणातली आणखी काही तोंडं वर झाली. सरपंचांचंही.

"काही नाही," मी म्हणालो. "काही दिसत नाही."